छायाला जमलं ते

देवणीला निघाले तेव्हा घरी सांगितलं, मैत्रिणीला भेटायला चालले आहे. ते खोटं नव्हतं. पण माझ्यासारखंच दुखणं झालेली ती बाई माझ्यापेक्षा इतकी बरी कशी झाली, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आणि बघून, खरं सांगायचं तर, त्यात काही खोट सापडते का तेही तपासायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी माझं डावं स्तन काढलं. कर्करोग होता. नंतर पाच आठवडे लाइट घ्यायला पुण्यात राहावं लागलं. किरणांच्या उपचाराला तिथे सगळे लाइटच म्हणत. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत मला जी खोली मिळाली तिच्यात दुसऱ्या खाटेवर छाया होती. लातूर जिल्ह्यातल्या देवणीची, अंगणवाडी सेविका, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिचं उजवं स्तन काढलं होतं.

तेव्हा मी खंबीर होते आणि ती नव्हती. ती जेवायची नाही, रस्ता ओलांडायला घाबरायची, आंघोळ करताना दिवा बंद करायची. हात आखडू नये म्हणून भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम सांगितलेला असतो, तो मी तिच्याकडून मोजून करून घ्यायचे. एका दुपारी ती पिशवी भरून एसटी स्टँडवर निघून गेली. मी रिक्षा करून तिला परत आणलं. भूगोलाची मास्तरीण मी, तीस वर्षं वर्ग सांभाळलेले. एक छाया सांभाळणं मला जड नव्हतं.

मग आम्ही आपापल्या घरी गेलो आणि सगळं उलटं झालं. मी साताऱ्याला परतले आणि विझले. कपडे बदलायला न्हाणीघरात कडी लावून जायचे. यांनी दोन वर्षांत माझी जखम पाहिलेली नव्हती. मीही नीट पाहिलेली नव्हती. पाचगणीला स्त्रियांसाठी शरीराशी मैत्री करण्याचं एक शिबिर असतं, तिथे तीन दिवस मेणबत्त्या लावून आणि डफ ऐकून आले. माझी माझ्या शरीराशी ओळखही झाली नाही. इकडे छायाचे फोन दर महिन्याला जास्त आनंदी होत होते. विहारात बायका जमतात, ध्यान करतात, एकमेकींना तेल लावतात, असं ती सांगायची. फोन ठेवल्यावर मी अर्धा तास कुणाशी बोलायचे नाही.

शिरूर अनंतपाळ

लातूरहून देवणीची गाडी शिरूर अनंतपाळला थांबली. मी वाहकाला न सांगता स्वच्छतागृहात गेले आणि बाहेर आले तर गाडी माझ्या बॅगेसह निघून गेली होती. स्टँडवर चौकशीच्या खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला, "बॅग कुटं जात न्हाई बाई. गाडी देवणीलाच जाती." मग त्याने मला बाकावर बसवून समोरून सुशीला मागवली. मला वाटलं कुणी बाई येते आहे मदतीला. आली ती ताटलीत. भिजवलेले चुरमुरे, वर मिरची, दाण्याचं कूट आणि लिंबू. आमच्याकडे असलं काही करत नाहीत. मी सगळं खाल्लं.

छायाला फोन करून बॅगेचंही सांगितलं. "तितंच थांबा ताई, आलेच मी," एवढंच ती बोलली. पाऊण तासाने एक स्कूटी येऊन उभी राहिली. पायाशी माझी बॅग, आणि हेल्मेट काढणारी बाई म्हणजे छाया. पुण्यात रस्ता ओलांडताना माझा पदर धरणारी.

"गाडी कधी शिकलीस?"

"उन्हाळ्यात. बसा मागं. घट्ट धरा."

मी तिच्या कमरेला धरलं आणि मला जाणवलं की ती आत काही घालत नाही. मी घराबाहेर पडताना, म्हणजे खरं तर घरातही, सिलिकॉनचा तो जड पॅड घालते. तिची उजवी बाजू ब्लाउजखाली सरळ सपाट होती. कुणीही पाहिलं तर कळावं अशी. तशीच ती स्टँडभर माणसांतून माझ्यापर्यंत चालत आली होती. दोन्ही बाजूंना तूर आणि हरभरा, हवा थंड, आणि देवणी येईपर्यंत मी तिच्या गाडी चालवण्यात चूक शोधत राहिले.

येळवस

दुसऱ्या दिवशी वेळा अमावास्या होती. तिथले लोक येळवस म्हणतात. साताऱ्याला आम्ही अमावास्येला नवं काम काढत नाही, आणि इथे अख्खं गाव कुलपं लावून शेतात जेवायला निघालेलं. छायाच्या घरात पूजाअर्चा नाही, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पण भज्जी आणि आंबील यात कुणी मागे नव्हतं. तिची मोठी जाऊ कमलबाई, जिच्याबरोबर ती राहते, पहाटेपासून चुलीपाशी होती. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हे. तूर, वाल, हरभरा यांचे ओले दाणे आणि हाताला येतील त्या सगळ्या भाज्या बेसन लावून शिजवलेल्या. बरोबर बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि मडक्यातली ताकाची आंबील.

शेजारच्या शेतात भागाबाई नावाच्या पासष्टीच्या बाईंचं कुटुंब होतं. त्यांच्याकडे कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारून पूजा झाली, भागाबाईंचे मालक कानडी वळणाचे काही शब्द मोठ्याने म्हणत पिकावर आंबील शिंपडत फिरले, आणि मग आम्ही त्यांच्या शेतात जेवलो. त्यानंतर ते सगळे आमच्या शेतात येऊन परत जेवले.

"ताई, कामून खाईनात?" कमलबाईंनी विचारलं.

"तिसरा उंडा आहे हा माझा."

"तीन काय खानं हाय व्हय," असं म्हणून त्यांनी चौथा वाढला.

दुपारी छाया म्हणाली, "चला, तुमाला एक दाखवायचंय." ती मला विहिरीवर घेऊन गेली. भागाबाई आधीच काठावर बसलेल्या. छाया पंजाबी ड्रेस घालून आली, पाठीला तेलाचा रिकामा प्लास्टिक कॅन बांधला आणि पायऱ्या उतरून पाण्यात शिरली. आणि पोहायला लागली. हात वेडेवाकडे पडत होते, पाय नुसते आपटत होते, पण ती पोहत होती. विहिरीला दोन फेऱ्या मारून खालून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमीच सांगितलंवतं, ताई. पान्यात आंगाचं वजनच लागत न्हाई म्हनून."

मी सांगितलं होतं. धर्मशाळेत, तिला झोप लागेना तेव्हा. माझं लहानपण कृष्णेच्या काठचं. आठव्या वर्षी मी नदी पार करून यायचे. तिने तोवर गुडघ्याच्या वर पाण्यात पाय घातला नव्हता. ऑपरेशन झाल्यापासून मी एकदाही पोहले नाही, ओले कपडे अंगाला चिकटतील या भीतीने. माझं पोहणं मी सोडून दिलं होतं आणि ते या बाईने उचलून घेतलं होतं.

"उतरा की," ती म्हणाली. "कोनी न्हाई हितं. भागाबाई हाय निस्ती."

"थंडी आहे."

"हिरीचं पानी कोमट ऱ्हातंय थंडीत."

"नको म्हटलं ना, छाया."

तिने आणखी एक फेरी मारली. भागाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि तंबाखू मळायला घेतली. छायाचे हात चुकीचे पडतात हे मला दिसत होतं, एका वाक्यात सुधारता आलं असतं. मी ते वाक्य बोलले नाही. तिला चांगलं पोहता येऊ नये असं मला त्या वेळी खरंच वाटत होतं.

विहार

रविवारी सकाळी अकराला बायका विहारात जमल्या. बारा-तेरा असतील. बहुतेक बौद्ध वस्तीतल्या, पण भागाबाईही होत्या आणि दोघी-तिघी गावातल्या इतर घरांतल्या. सगळ्याच आजारी होत्या असं नाही. एकीची तिशीतच पिशवी काढलेली, एकीचं बाळ पोटात गेलेलं, एक तर म्हणाली, मला काही नाही झालं, पण इथं बरं वाटतं.

वंदना झाली. मग छायाने सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. पाचगणीच्या शिबिरातल्या बाईंचा आवाज मधासारखा होता. छायाचा आवाज अंगणवाडीतला, पोरांना रांगेत बसवणारा.

"श्वास आला का बगा. गेला का बगा. काय करू नका, निस्तं बगा. आता पाय. दिवसभर पायावर हुब्या ऱ्हाता, कदी इचारलं का त्येला, बाबा कसा हाईस म्हनून?"

एकीला हसू आलं. छाया थांबली, हसणं संपू दिलं आणि पुढे गेली. पोटऱ्या, गुडघे, कंबर, पोट. मग म्हणाली, "आपली जी जागा आपुन झाकतो, जितं हात न्यायला नको वाटतंय, तितं हात ठिवा. जमलं तर ठिवा. न्हाई जमलं तर मांडीवर ऱ्हाऊ द्या, तेबी चालतंय."

मी डोळे किलकिले करून पाहिलं. पिशवी काढलेल्या बाईने ओटीपोटावर हात ठेवलेला. भागाबाईंनी चक्क स्वतःच्या गालावर, जिथे लहानपणी भाजल्याचा डाग होता. छायाचा हात उजव्या छातीवर. तिच्या चेहऱ्यावर काही विशेष तेज वगैरे नव्हतं. दार उघडं ठेवून घरात निवांत बसलेलं माणूस दिसतं तशी ती दिसत होती. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

नंतर तेलाची वाटी फिरली, बायका एकमेकींचे पाय चोळायला लागल्या, गप्पा सुरू झाल्या. सगळ्यांच्या तोंडी छायाताई. छायाताईंमुळे झोप लागते, छायाताईंमुळे सासूसमोर बोलता येतं. माझे पाय चोळणारी मुलगी म्हणाली, "आमच्या ताई लई धीराच्या हाईत. कदी डगमगल्याच न्हाईत."

मग मी ते बोलले. कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, हसत हसत. "डगमगली नाही कसं? पुण्यात उपचार टाकून पळून चालली होती तुमची ताई. स्टँडवरून मी परत आणली. रडून रडून डोळे सुजले होते."

मी छायाकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आता काहीतरी खाली पडेल आणि फुटेल.

भागाबाई पुढे सरकल्या. "म्हंजी त्या सातारच्या ताई तुमीच व्हय?"

"म्हणजे?"

"हिनं सांगितलंय की समदं. पळून चाललेते, नव्वद नंबरच्या फलाटापाशी एक बाई आली, काय बोलली न्हाई, माजी पिशवी घेतली आन् चालाय लागली. ती नसती तर मी मेले असते म्हनली." त्यांनी माझा तळपाय दोन्ही हातांत धरला. "दर बारीला नवी बाई आली की ही तीच गोष्ट सांगती."

फलाटाला नव्वद नंबर नव्हता, तेवढं त्यांनी वाढवलं होतं. बाकी खरं होतं. बाया माझ्याकडे बघत होत्या, आदराने. मी ज्याला झाकलेलं गुपित समजून उघडं पाडलं, ते तिने केव्हाच सगळ्यांच्या समोर ठेवलं होतं, आणि त्यात मला चांगल्या जागी बसवलं होतं. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. आणि शरमेखाली जळणं तसंच चालू होतं, कारण इतकं मोकळं होणंसुद्धा तिलाच जमलं होतं.

घरी येताना स्कूटीवर मी म्हणाले, "मी मुद्दाम बोलले ते."

"म्हाईत हाय," छाया म्हणाली. गाडी चालवत होती, तोंड दिसत नव्हतं. "वाईट वाटलं मला. पर ऱ्हाऊ द्या."

कंधार

सोमवारी मी नांदेडहून रेल्वेने परतणार होते. छायाला कंधारला एका मुलीकडे जायचं होतं आणि कंधार नांदेडच्या वाटेवरच, म्हणून दोघी बरोबर निघालो. उदगीर, मग मुखेड, मग कंधार. वाटेत तिने सांगितलं. मुलीचं नाव रेणुका, वय चौतीस, अंगणवाडीतल्या एका मैत्रिणीची भाची. छातीत गाठ. डॉक्टरांनी स्तन काढायला सांगितलंय, दोनदा तारीख दिली, दोन्ही वेळा ती गेलीच नाही.

किल्ल्याच्या बाजूच्या एका गल्लीत रेणुकाचं घर. पुढच्या खोलीत तिचं ब्युटी पार्लर. एका भिंतीला पूर्ण उंचीचा आरसा, त्यासमोर फिरती खुर्ची. रेणुका देखणी होती आणि तिला ते ठाऊक होतं. तिने आम्हाला चहा दिला, दाराला कडी घातली आणि हात बांधून उभी राहिली.

"समजवायला आलात ना? सगळे समजावून राहिले."

"न्हाई," छाया म्हणाली. "दाखवायला आलेव. बघायचं असलं तर बघ, न्हाई तर चहा पिऊन जाताव."

रेणुकाने मान हलवली तेव्हा छायाने साधेपणाने पदर बाजूला केला आणि ब्लाउजची बटणं काढली. रेणुका जवळ आली, बराच वेळ बघत राहिली. मग मागे सरून खुर्चीत बसली.

"तुमचं ठीक हाय, ताई," ती म्हणाली. "तुम्हाला मालक न्हाईत. तुम्हाला कोण बघतंय?"

छायाचे हात बटणांवर थांबले. आणि मी कबूल करते, मला आत कुठेतरी बरं वाटलं. ते बरं वाटणं दोन श्वास टिकलं असेल. कारण रेणुका माझ्याकडे वळली होती.

"तुमचंबी झालंय म्हणे ऑपरेशन. मालक हाईत ना तुम्हाला? ते काय म्हणतात बघून?"

मला खोटं बोलता आलं असतं. ते खूप समजूतदार आहेत, असं म्हणता आलं असतं, आणि ते तसे आहेतही. पण ती मुलगी माझ्या चेहऱ्याकडे इतकं टक लावून बघत होती की जमलं नाही.

"त्यांनी बघितलंच नाही," मी म्हणाले. "मी दाखवलं नाही. दोन वर्षं झाली."

"का?"

"तुला जी भीती वाटतेय ना, तीच. मला अजून वाटते. हिला नाही वाटत. म्हणून हिचा मला फार राग येतो."

छाया माझ्याकडे बघत राहिली. रेणुकाच्या बांधलेल्या हातांची घडी सुटली. "मग मला दाखवता?" तिने विचारलं, एकदम हळू, लहान पोरीसारखं.

मी उभी राहिले. ब्लाउजची बटणं काढायला लागले. शेवटचं बटण छायाने काढून दिलं आणि मी पॅड काढून तिच्या हातात दिला. आरसा समोरच होता, त्यामुळे रेणुकाबरोबर मलाही बघावंच लागलं. एक तिरपी फिकट रेघ, काखेकडे थोडी ओढलेली. आजूबाजूची त्वचा लाइटमुळे काळपटलेली. बरगड्या दिसत होत्या. त्यांच्या आत काहीतरी जोरात धडधडत होतं, तेही दिसत होतं.

रेणुका खुर्चीतून उठली. तिने आधी माझ्याकडे, मग आरशात, मग परत माझ्याकडे पाहिलं. "एवढंच हाय?" ती म्हणाली. "मला वाटलं खड्डा पडत असंल."

"मलाही तसंच वाटायचं," मी म्हणाले. मग मी खुर्चीत बसले आणि रडले. रेणुकाने वॅक्सिंगच्या टॉवेलांतला एक धुतलेला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. छाया बाजूला उभी होती. तिने मला जवळ घेतलं नाही. तिला ठाऊक असावं की तिने घेतलेलं मला सहन झालं नसतं.

नांदेडच्या गाडीत बसवायला ती स्टँडवर आली. पेरू घेऊन दिले. गाडी सुरू होता होता खिडकीपाशी म्हणाली, "मालक न्हाईत त्येचं सुख हाय असं समजू नका, ताई. मला दाखवायला कुनी न्हाई म्हनून मी बायांना दाखवीत फिरते." गाडी स्टँडबाहेर वळली.

साताऱ्यात

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी यांना बोलावलं आणि न्हाणीघराची कडी न लावता उभी राहिले. ते दारात थांबले. मग म्हणाले, "दुखतं का अजून?" मी म्हटलं, थंडीत ओढ बसते. ते म्हणाले, "तेल गरम करू का?" एवढंच बोलणं झालं. पण त्यांचे डोळे भरले होते आणि त्या दिवशी चहात साखर घालायची ते विसरले.

महिन्याभराने रेणुकाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. ती अर्धा तास बोलली. पार्लर कुणी सांभाळायचं, केस किती दिवसांनी धुता येतात, आणि नवरा कसा दोन दिवस जेवत नाही. शेवटी म्हणाली, "ताई, तुम्ही भेलात ना, म्हणून तुमच्याशी बोलता येतंय." ऑपरेशन नीट झालं. नवऱ्याने फोन करून कळवलं, तोही मला.

मी लगेच छायाला कळवलं. मला वाटलं ती आनंदाने बोलत सुटेल. फोनवर मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला न्हाई केला तिनं फोन. एकबी न्हाई."

तिच्या आवाजात जे होतं ते मी दुसऱ्या कुणापेक्षाही लवकर ओळखलं. मी तिला काही समजावलं नाही. विचारलं, पुढच्या महिन्यात लाइट घ्यायला रेणुका पुण्यात येणार आहे, तिच्यासोबत राहायला आपण दोघी जायचं का.

"आधी कोन जायचं? तुमी का मी?" छायाने विचारलं.

"दोघी एकदमच जाऊ," मी म्हणाले.

"जाऊ की," ती म्हणाली. "पर तिला फोन तुमीच करा."